बारा कोसांवरचं गाणं

गौरी-गणपतीची गडबड सरते आणि एखाद्या सकाळी खिडकीबाहेरच्या शिरीषातून ‘चिस्-वी’ असा आवाज येतो. बारीक, चढा, आणि शेवटाला किंचित वर उचललेला, जणू कुणी काही विचारतंय. थोड्या वेळानं पुन्हा तोच. आवाज कुठून आला ते बघायला आपण मान वर करतो तर तिथे पानं, पानं आणि पानंच. त्यातलं एक पान वारा नसताना हलतं, दुसऱ्या डहाळीवर जातं, आणि तेव्हा कळतं की ते पान नव्हतं. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत ते तिसऱ्या डहाळीवर गेलेलं असतं. वरून हिरवट, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई आणि पंखावर एक पुसटशी रेघ, एवढीच या पक्ष्याची ओळख. वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे खिशातलं दहा रुपयांचं नाणं. हा हिरवट पर्णवटवट्या. सप्टेंबर ते एप्रिल महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक झाडीत तो असतो, आणि त्याला नावानं ओळखणारी माणसं मात्र फार थोडी.

याला कारण आहे. पर्णवटवट्यांचं कूळ, म्हणजे ‘फायलोस्कोपस’, हे पक्षीनिरीक्षकांच्या सोशिकतेची परीक्षा बघण्यासाठीच घडवलं असावं असं मला फार दिवस वाटत होतं. ग्रीक शब्दांतून आलेल्या या नावाचा अर्थ पानं न्याहाळणारा. कुळात ऐंशीच्या आसपास जाती आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा एकमेकींच्या झेरॉक्स प्रतीसारख्या दिसतात. एकीची भुवई जरा लांब, दुसरीच्या पंखावर एकाऐवजी दोन रेघा, तिसरीचे पाय थोडे काळपट. त्यातून पंखावरची रेघ हिवाळाभर झिजत जाते, म्हणजे मार्चमध्ये दिसलेला पक्षी पुस्तकातल्या चित्राशी जुळेलच याची खात्री नाही. मी सुरुवातीच्या काळात वहीत ‘पर्णवटवट्या, बहुधा’ असं लिहीत असे. आज ती वही चाळली की तो ‘बहुधा’ पानोपानी भेटतो.

डोळ्यांनी न सुटणारं हे कोडं कानांनी सोडवणारा पहिला माणूस म्हणून इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याचं नाव घेतात. १७६८ साली त्यानं एका पत्रात लिहून ठेवलं की आपल्या भागात ज्याला सगळे एकच पक्षी समजतात ते खरं तर तीन आहेत, कारण ते तीन वेगवेगळी गाणी गातात. त्याची पत्रं १७८९ साली पुस्तकरूपानं आली. ते तिन्ही पक्षी पर्णवटवटेच होते, आणि त्यातले दोन आजही हातात धरून बघितले तरी तज्ज्ञांना थबकायला लावतात. तोंड उघडलं की मात्र शंका उरत नाही. एक उतरत्या सुरांची लड सोडतो, दुसरा ‘चिफ्-चॅफ्’ असं घड्याळासारखं टिकटिकत बसतो. त्या दुसऱ्याचं इंग्रजी नावच त्याच्या गाण्यावरून पडलं.

आपल्याकडे हे काम करणारा माणूस रेल्वेचा होता. विल्यम एडविन ब्रूक्स, पेशानं इंजिनिअर, उत्तर भारतात रुळांच्या कामावर, आणि उरलेला सगळा वेळ हे हिरवट ठिपके जमवण्यात. काश्मीरच्या सुचिपर्णी रानातल्या एका वटवट्याला त्यानं १८७१ साली टायटलर या लष्करी अधिकाऱ्याचं नाव दिलं. १८७८ साली दुसऱ्या एकाला नाव दिलं ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचं. ह्यूम म्हणजे तेच, शाळेत आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात वाचलेले. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, आणि त्याच वर्षी ह्यूम यांनी सिमल्याच्या घरात जमवलेले साठ हजारांहून अधिक पक्ष्यांचे नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. भारतीय पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी वर्षानुवर्षं लिहिलेली हस्तलिखितं नोकरानं रद्दीत विकली, आणि त्यानंतर त्यांचं मन या विषयावरून उडालं. आपल्या राजकारणाला मिळालेल्या त्या माणसात बाजारातल्या रद्दीवाल्याचा थोडा वाटा आहे, असं म्हणायचा मोह मला आवरत नाही. ब्रूक्सची निष्ठा मात्र शेवटपर्यंत टिकली. इटाव्याला झालेल्या मुलाचं नावही त्यानं ॲलनच ठेवलं, आणि तो मुलगा पुढे कॅनडात पक्षिचित्रकार म्हणून नावाजला.

इतक्या सारख्या दिसणाऱ्या जाती एकाच डोंगरावर राहतात तरी कशा, हा प्रश्न ब्रूक्सच्या काळात कुणी फारसा विचारला नव्हता. तो ट्रेव्हर प्राइस या शास्त्रज्ञानं विचारला. काश्मीरच्या एका उतारावर उन्हाळ्यात आठ जातींचे पर्णवटवटे घरटी करतात. प्राइस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांची पायांपासून चोचीपर्यंत मापं घेतली आणि ते काय, कुठे, कसं खातात ते तासन्‌तास बघितलं. जे आपल्याला सारखं वाटतं ते सारखं नव्हतं. थोराड अंगाचा पक्षी मोठा किडा उचलतो, लहान चणीचा मावा-मच्छरांवर भागवतो. चोचीची रुंदी सांगते की हा पानावर बसलेला किडा टिपणार की उडता पकडणार. पायाच्या लांबीचा संबंध देवदाराच्या सुयांत वावरायचं की रुंद पानांच्या झाडात याच्याशी लागतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या फरकांवर आठ संसार चालले होते. एकाच आळीतली किराणा, भुसार आणि भाजीची दुकानं शेजारी-शेजारी सुखानं नांदतात, तसंच हे.

पण या सगळ्या हिशेबाला झाड हवं. झाड संपलं की काय होतं?

काही जातींनी त्यावरही तोड काढली आहे. गंधकी पिवळ्या पोटाचा एक पर्णवटवट्या लडाखपासून मध्य आशियापर्यंतच्या उघड्या-बोडक्या, खडकाळ उतारांवर वाढतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. नाव पानांचं, पण राहणं दगडांत. खडकाच्या कपारीवर, पडक्या भिंतीवर, झाडाच्या बुंध्यावर तो पालीसारखा सरकताना दिसतो. थंडीत एखादा किल्ला चढताना तटाच्या चिऱ्यांवरून काहीतरी उंदरासारखं पळालं तर एकदा थांबून बघावं. इराण-अफगाणिस्तान-बलुचिस्तानच्या कोरड्या डोंगरांत जुनिपर आणि रानपिस्त्याची विरळ झाडं आहेत. झियारतचं जुनिपरचं रान त्यातलंच. तिथे कुळातला एक अगदी लहान, अगदी निस्तेज पक्षी राहतो. ह्यूम यांनी त्याला लॅटिनमध्ये नाव दिलं ‘नेग्लेक्टस’, म्हणजे दुर्लक्षित. दीडशे वर्षं उलटली तरी ते नाव खोटं पडलेलं नाही.

आणखी पुढे, जिथे झुडपंही हाताच्या बोटांवर मोजावीत, तिथे पर्णवटवट्यांचं राज्य संपतं आणि त्यांच्या लांबच्या भाऊबंदांचं सुरू होतं. वाळवंटी वटवट्या हा त्यातला माझा सर्वांत लाडका. मध्य आशियाच्या वाळवंटात जन्मतो, हिवाळ्यात थर आणि कच्छकडे येतो. रंग वाळूचा, शेपटी तांबूस, डोळा पिवळाधमक. फोगाच्या किंवा केराच्या झुडपातून उतरून तो जमिनीवर शेपटी उभारून टुणटुणत दुसऱ्या झुडपापर्यंत धाव घेतो. गंमत पुढे आहे. वाळवंटात रणगप्पीदास नावाचा एक मोठा, ताठ उभा राहणारा कीटकभक्षी पक्षी असतो. हा पिटुकला त्याच्या मागे-मागे हिंडतो. गप्पीदास दहा पावलं सरकला की हाही दहा पावलं. तो उडून पुढच्या दगडावर बसला की हाही त्या दगडाजवळच्या झुडपात. उघड्या रानात ससाण्याची चाहूल आधी लागायला उंच उभा राहणारा सोबती बरा, असा याचा एक अर्थ लावतात. गप्पीदासाला या सोबतीचं काय वाटतं ते त्यालाच ठाऊक. कधी कधी तो वळून याला हाकलतोही, आणि हा निर्लज्जासारखा परत येतो.

शिरीषातला आपला हिरवट पर्णवटवट्या यातलं काही करू शकत नाही. त्याला झाडी लागते. वाळवंट आणि उघडं पठार त्याला राहायला बंद. या एका अडचणीतून या पक्ष्याची सगळ्यांत मोठी गोष्ट घडली.

नकाशा काढा आणि तिबेटच्या पठारावर बोट ठेवा. पठारावर झाडी नाही. त्याच्या उत्तरेला टाकलामाकान आणि गोबी, तिथेही नाही. या उजाड भागाला वळसा घालून मात्र जंगलाची एक कडा जाते. दक्षिणेला हिमालय, पश्चिमेला तिएनशानचे डोंगर, पूर्वेला चीनमधले डोंगर, आणि उत्तरेला सैबेरियाचा तैगा. हिरवट वटवटे या कडेनं पसरले आहेत, परातीच्या काठाला कणीक चिकटून राहावी तसे. १९३८ साली क्लॉड टाइसहर्स्ट यानं या कुळावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. हिमालयातून पश्चिमेनं वर गेलं तर एका प्रकाराचं दुसऱ्यात हळूहळू रूपांतर होत जातं, मध्ये कुठे रेघ मारता येत नाही. पूर्वेनं गेलं तरी तेच. पण ही दोन टोकं मध्य सैबेरियात एकमेकांना भेटतात, आणि तिथे मात्र दोन स्वतंत्र जाती असल्यासारखी वागतात. पश्चिमेकडून आलेल्याच्या पंखावर एक रेघ, पूर्वेकडून आलेल्याच्या दोन. एकाच रानात राहूनही सोयरीक जवळजवळ नाही.

हे ऐकून डोकं चक्रावणाऱ्यांना आपली जुनी म्हण उपयोगी पडेल. बारा कोसांवर भाषा बदलते. सावंतवाडीहून निघून कोल्हापूर, सोलापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ असं गावोगाव थांबत नागपूरला गेलात तर कुठल्याही दोन शेजारच्या गावांना एकमेकांचं बोलणं कळतं. पण सावंतवाडीच्या आजीला थेट उचलून नागपूरच्या बाजारात बसवलं तर पहिला तासभर दोन्हीकडून ‘काय म्हणालात?’ चालेल. आता अशी कल्पना करा की ही वाट सरळ नसून गोल आहे, आणि शेवटचं गाव पहिल्याला लागूनच आहे. शेजारी राहतात, पण भाषा पोहोचत नाही. सैबेरियातल्या त्या दोन वटवट्यांचं हेच झालं आहे.

आणि इथे ‘भाषा’ हा शब्द मी निव्वळ उपमा म्हणून वापरत नाहीये. १९९०च्या दशकात डॅरेन अर्विन हा शास्त्रज्ञ टेपरेकॉर्डर घेऊन या वर्तुळाच्या निरनिराळ्या ठिकाणी जाऊन आला. हिमालयातलं गाणं आखूड आणि साधं, त्याच त्या तुकड्यांची फिरवाफिरव. जसजसं उत्तरेला जावं तसतसं ते लांबत जातं, गुंतागुंतीचं होत जातं. पश्चिमेच्या वाटेवरही आणि पूर्वेच्या वाटेवरही. मात्र दोन्ही वाटांवर ते वेगळ्या पद्धतीनं गुंततं. एकाच घराण्याचे दोन शिष्य दोन गावांना गेले आणि तीच चीज आपापल्या परीनं फुलवत राहिले, अशातली गत. मग अर्विननं स्पीकर लावले. कुठल्याही नराच्या हद्दीत त्याच्याच जातीच्या परक्या नराचं गाणं वाजवलं की तो तणतणत चालून येतो. सैबेरियात पश्चिमेकडच्या नराला पूर्वेकडचं गाणं ऐकवलं तर तो ढिम्म. त्याच्या लेखी तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा नव्हताच, रानातल्या इतर शंभर आवाजांसारखा एक. उलटही तेच. या कामाचा निबंध अर्विन, बेन्श आणि प्राइस यांच्या नावानं २००१ साली ‘नेचर’मध्ये आला आणि हा नाण्याएवढा पक्षी उत्क्रांतीच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

उत्तरेकडे गाणं का वाढलं? अर्विननं मांडलेली कारणमीमांसा अशी, की दक्षिणेच्या दाट वस्तीत नराची बरीच शक्ती हद्द आणि खाणं सांभाळण्यात जाते; उत्तरेला मादीला जिंकण्यात गाण्याचं वजन वाढतं. हे मला पटतं, पण त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. दोन पक्षी एका जातीचे की दोन, हा निवाडा आपण संग्रहालयात बसून, मोजपट्टी लावून करत आलो. इथे तो निवाडा पक्ष्यांनी स्वतः केला आणि शास्त्रज्ञानं फक्त नोंदवला.

गोष्ट इतकी सुबक राहिली नाही, आणि ते बरंच झालं. २०१४ मध्ये याच मंडळींनी सहकाऱ्यांसह पक्ष्यांचा जनुकसंच तपासला तेव्हा कळलं की वर्तुळ काही अखंड नव्हतं. पूर्वी एकाहून अधिक ठिकाणी ते तुटलं होतं, मधले गट काही काळ वेगळे पडले होते, आणि नंतर पुन्हा सांधले गेले. सैबेरियातल्या त्या दोघांत थोडीफार सरमिसळही झालेली सापडली. चीनच्या उत्तरेकडे तर आज सरळ खिंडारच आहे. तिथली जंगलतोड त्याला कारण मानतात. आदर्श उदाहरण हातचं गेलं म्हणून काही जण हळहळले. मला ते आधीपेक्षा खरं वाटू लागलं. आपल्या बोलींचा इतिहास तरी कुठे अखंड आहे? दुष्काळ, स्वाऱ्या, स्थलांतरं यांत गावं ओस पडली आणि पुन्हा वसली, तशाच त्याही.

कानानं जाती ओळखण्याची ही वाट पुढे फार फळली. स्वीडनच्या पेर आल्स्ट्रॉम आणि उर्बान ओल्सोन यांनी चीनच्या डोंगरांत गाण्याचा माग काढत पर्णवटवट्यांच्या नव्या जाती उजेडात आणल्या. सिचुआनच्या एमेई पर्वतावरची त्यातली एक १९९५ साली नोंदली गेली. हाच आल्स्ट्रॉम २००९ साली आपल्या शशांक दळवींबरोबर अरुणाचलात हिंडत असताना दोघांना जाणवलं की ज्याला सगळे एकच कस्तुर समजतात तो रानात गोड गातो आणि वरच्या खडकाळ माळावर खरखरीत. पक्षी दोन निघाले, आणि रानातल्या गोड गळ्याच्या जातीला २०१६ साली सालिम अलींचं नाव मिळालं. कस्तुर पर्णवटवट्यांच्या नात्यातला नाही, पण युक्ती तीच.

आता परत आपल्या शिरीषाकडे येऊ. वर्तुळाच्या पश्चिम टोकाचे पक्षी हिवाळ्यात भारतात उतरतात. विसाव्या शतकात या प्रकारानं पश्चिमेकडे हातपाय पसरले, फिनलंडपर्यंत वस्ती केली. फिनलंडहून आफ्रिकेला जाणं सोयीचं, बाकीचे कितीतरी पक्षी जातात. हा मात्र पूर्वजांच्या वाटेनं भारताकडेच येतो. काश्मीरचा टायटलरचा वटवट्या सह्याद्रीत येऊन राहतो. त्याचं घर इकडे-तिकडे दोन्हीकडे चिंचोळं, म्हणून तो धोक्याच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहे. मोठ्या चोचीचा एक भाऊ पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला आणि श्रीलंकेला जातो. गावी गाणारी ही सगळी मंडळी इथे हिवाळ्यात सहसा गात नाहीत. फक्त हाका मारतात.

पण त्या हाका म्हणजे गप्पा नव्हेत. हा पक्षी हिवाळा कसा काढतो याचा प्राइसनं पूर्व घाटात केलेला अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. पुढे मधुसूदन कट्टी यांनी तामिळनाडूतल्या मुंडंथुराईच्या रानात हाच प्रश्न हाती घेतला. दोघांना जे दिसलं ते असं, की हिरवट वटवट्या हिवाळा एकटा काढतो. नर असो वा मादी, प्रत्येकाची चार-दोन झाडांची वेगळी जहागीर, आणि ‘चिस्-वी’ ही तिच्या कुंपणाची घंटा. गाणं जोडीदारासाठी असतं, हाक पोटासाठी. ती प्रश्नार्थक वाटते खरी, पण तिचा अर्थ ‘ही झाडं माझी आहेत’ असा सरळ विधानार्थी आहे. शेजाऱ्याची हाक आली की हा उत्तर देतो. पलीकडच्या आंब्यातून, त्याच्या पलीकडच्या बाभळीतून, अशी ही साखळी सोसायटीच्या फाटकापासून नाल्यापर्यंत जाते. एकदा कान बसला की घरात बसून ती मोजता येते. आमच्या गल्लीत गेल्या हिवाळ्यात पाच होते, आणि पाचही जण सहा महिने एकमेकांशी भांडत होते.

मार्च सरता सरता हाका तशाच असतात, पण एखाद्या पहाटे मध्येच काहीतरी वेगळं ऐकू येतं. लांब, घाईघाईचं, वर-खाली धावणारं, अर्ध्यावर तुटणारं. एप्रिल चढतो तसं ते नीट जुळायला लागतं. बाहेर ऊन रणरणतंय, आंबा पाडाला आलाय, आणि त्याच्या पानांत हा परदेशी बोलीत रियाज करतोय. मी ते मोबाइलवर टिपून ठेवतो आणि वर्तुळाच्या कुठल्या कोपऱ्याचं असेल याचा अंदाज बांधतो. हिमालयातल्यापेक्षा लांब आहे, एवढं माझ्याही कानाला कळतं. असं आठ-दहा दिवस चालतं. मग एका सकाळी मी खिडकी उघडतो तेव्हा शिरीषात शिंपी ओरडत असतो, खाली कुणीतरी गाडी पुसत असतं, आणि कुंपणाची घंटा वाजत नाही.